नाणेघाट : जुन्नर-कल्याण या जुन्या व्यापारी मार्गाचा परिचय

सातवाहनांचा पाठ शिकविताना नाणेघाटाचा उल्लेख ओघाने येतो, आणि तो आला म्हणजे बहुतेक वर्गांत एकच गोष्ट सांगितली जाते. घाटाच्या माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. कोकणातून येणारे व्यापारी त्यात जकातीची नाणी टाकीत. दिवस मावळेपर्यंत रांजण भरून जाई. म्हणून या घाटास नाणेघाट म्हणतात. गोष्ट सुटसुटीत आहे. मुलांना ती आवडते, आणि उत्तरपत्रिकेतही तीच उतरते. परंतु एखाद्या चौकस मुलाने उठून विचारले की, "गुरुजी, हे कशावरून?" तर शिक्षकापाशी काय उत्तर असावे? रांजण आहे, हे खरे. तो कोणालाही जाऊन पाहता येतो. त्यात जकात टाकीत असत, हे मात्र घाटातील कोणत्याही लेखात लिहिलेले आढळत नाही.

याचा अर्थ ती गोष्ट सांगूच नये असा नव्हे. लोकांनी पिढ्यानपिढ्या जपलेली समजूत हीसुद्धा शिकविण्याजोगी वस्तू आहे. पण ती समजूत म्हणून सांगावी. त्याच माथ्याजवळ कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. त्यांच्याकडे सहलीला आलेले वर्ग पाठ फिरवून रांजणाभोवती जमतात. त्यांपैकी एक टाके कोणी दिले, तो दाता कोणत्या गावचा, हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या अक्षरांत दगडावर कोरलेले आहे. रस्ता कशामुळे चालता राहतो, या प्रश्नाचे उत्तर रांजणापेक्षा या टाक्यांपाशी अधिक भरवशाने मिळते. प्रस्तुत लेखात या मार्गाची माहिती देताना जे दगडावर आहे, जे जमिनीच्या ठेवणीवरून कळते आणि जे लोक सांगतात, या तिहींमधील भेद शक्य तेथे स्पष्ट ठेवला आहे.

मार्गाची ठेवण

जुन्नर हे कुकडी नदीच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंचीवर वसलेले गाव आहे. तेथून पश्चिमेकडे निघालेली वाट कुकडीच्या खोऱ्याने, चावंड किल्ला जवळ करीत, घाटघर गावापर्यंत जाते. येथवर चढउतार बेताचा आहे. घाटघरच्या पलीकडे पठार एकाएकी संपते आणि सुमारे दोन हजार फूट खाली कोकण दिसू लागते. हा सह्याद्रीचा पश्चिम कडा होय. कड्यातील एका अरुंद घळीतून दगडी पायऱ्यांची व फरसबंदीची वाट खाली उतरते, हाच नाणेघाट. पायथ्याशी मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गाव आहे. तेथून मुरबाडवरून कल्याण गाठले की माल तारवांत चढविता येत असे. उल्हास नदीच्या खाडीने ही तारवे ठाण्याकडे व पुढे वसईच्या बाजूस जात. वसईच्या खाडीच्या उत्तरेस सोपारे, म्हणजे आजचे नालासोपारा, हे प्राचीन बंदर होते.

रस्ता नेमका याच ठिकाणी का उतरला, हे मुलांना आधी सुचू द्यावे. सह्याद्री हा बसाल्ट खडकाच्या थरांचा बनलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून वर आलेला लाव्हारस थरावर थर पसरत गेला व थिजला. त्यांतील काही थर कठीण, काही ठिसूळ. पश्चिमेकडील कडा ताठ उभा असल्याने लादलेले जनावर कोठूनही वर चढू शकत नाही. पावसाच्या पाण्याने व खडकाच्या झिजेने जेथे घळ पडली, तेथेच माणसाला वाट काढता आली. घळ निसर्गाने दिली. ती रुंद करणे, पायऱ्या घडविणे, दगड बसविणे हे माणसाचे काम. जवळच उभा असलेला कातळाचा सुळका नानाचा अंगठा म्हणून ओळखला जातो. नाना आणि गुणा या दोघा भावांनी घाट खोदण्याची पैज लावली व नानाचा घाट आधी पुरा झाला, अशी एक कथा आहे. घाटाच्या नावाची ही दुसरी उपपत्ती. नाणी आणि नाना, यांपैकी कोणती खरी हे ठरविण्यास आज साधन नाही. दोन्ही सांगाव्यात, म्हणजे एकाच नावाला दोन कथा कशा चिकटतात हे वर्गाला कळेल.

घाटमाथा हा पाणलोटाचा भेद शिकविण्यास उत्तम आहे. माथ्याच्या पश्चिमेस पडलेला पाऊस उल्हास नदीच्या खोऱ्यातून अरबी समुद्रास मिळतो. पूर्वेस पडलेला थेंब कुकडीतून घोड नदीत, घोडमधून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि अखेर बंगालच्या उपसागरात जातो. माथ्यावर उभ्या राहिलेल्या मुलाच्या दोन पावलांच्या दोन बाजूंचे पाणी दोन वेगळ्या समुद्रांस मिळते, ही गोष्ट नकाशावरून दहा वेळा सांगूनही जितकी ठसत नाही, तितकी तेथे एकदा सांगून ठसते.

मार्गावर नजर ठेवणारे किल्ले पाहावे. घाटाच्या तोंडाशीच जीवधन, पुढे चावंड, उत्तरेस हडसर आणि जुन्नरला लागून शिवनेरी. शिवनेरीवर १६३० साली छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म झाला, हे प्रत्येक मुलाला ठाऊक असते. पण हा किल्ला जुन्नरच्या बाजारपेठेच्या व या वाटेच्या शेजारी का आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. १८१८ साली इंग्रजांनी हा मुलूख घेतला तेव्हा जीवधन आणि चावंडच्या पायऱ्या तोफा व सुरुंग लावून मोडल्या. किल्ल्याची वाट मोडली म्हणजे किल्ला गेला, हे त्यांनी ओळखले होते.

लेण्यातील लेख

घाट चढून माथ्याशी येताच एक प्रशस्त लेणे लागते. आत भिंतींच्या कडेने बसण्यासाठी दगडी ओटे आहेत. मागच्या भिंतीवर एकेकाळी सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. आज मूर्ती नाहीत. पावलांचे काही अवशेष आणि डोक्यावरील जागेत कोरलेली नावे तेवढी उरली आहेत. त्यांत या वंशाचा संस्थापक सिमुक, राजा सातकर्णी आणि त्याची राणी नायनिका, तसेच काही कुमार व एक महारठी यांची नावे वाचता येतात. नायनिकेलाच आपल्या पुस्तकांत नागनिका म्हणतात.

डाव्या व उजव्या भिंतींवर मिळून एक दीर्घ लेख आहे. त्याची लिपी ब्राह्मी व भाषा प्राकृत आहे. इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराचा तो मानला जातो. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८२८ च्या सुमारास त्याकडे विद्वानांचे लक्ष वेधले, आणि पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी व जर्मन विद्वान ब्यूलर यांनी त्याचे वाचन केले. लेख जागोजागी फुटलेला आहे. जो भाग उरला आहे त्यात राणीने आपल्या पतीसह केलेल्या यज्ञांची नावे व प्रत्येक यज्ञात दिलेल्या दक्षिणेची मोजदाद आहे. अश्वमेध, राजसूय यांसारखे यज्ञ; दक्षिणेत गाई, घोडे, हत्ती, गावे आणि कार्षापण नावाची नाणी.

येथे शिक्षकाने एक क्षण थांबावे. इतका मोठा राजलेख घाटाच्या तोंडाशी, जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेस पडेल असा कोरला आहे. परंतु त्याच्या उरलेल्या भागात घाट कोणी बांधला, जकात किती, रांजण कशासाठी, यांविषयी एक अक्षर नाही. मग तो येथेच का कोरला? रस्ता चालता होता, रोज नवी माणसे येत होती, म्हणूनच. राजकुलाला आपली कीर्ती जेथे सर्वांच्या डोळ्यांपुढे येईल अशी जागा हवी होती, आणि दख्खनच्या पठारावर चढण्याचे हे दार त्या कामास फार सोयीचे होते, असे अनुमान काढण्यास हरकत नाही. अनुमान आणि लेख यांतील फरक मुलांना येथे सहज दाखविता येतो.

जकातीविषयी असेच म्हणता येईल. जेथे जनावरे एकामागोमाग एक अशीच चढू शकतात, तेथे नाके बसविणे कोणत्याही राज्याला सोपे जाते. तेव्हा येथे कर घेतला जात असावा, हे संभवनीय आहे. मात्र तो याच रांजणात टाकीत, हे सिद्ध झालेले नाही. तो रांजण पाण्यासाठी असणेही तितकेच शक्य आहे.

गणिताच्या तासालाही हा लेख उपयोगी पडतो. दक्षिणेचे आकडे त्यात अंकांनी लिहिले आहेत, आणि भारतातील अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. एकासाठी एक आडवी रेघ, दोनासाठी दोन आडव्या रेघा. चार, सहा, सात, नऊ यांसाठी स्वतंत्र खुणा. दहा, वीस, ऐंशी यांच्या खुणा वेगळ्या, शंभराची वेगळी, हजाराची वेगळी. शून्य नाही आणि स्थानमूल्यही नाही. लेखात २४,४०० कार्षापण अशी एक संख्या आहे. आज ती लिहिण्यास पाच अंक लागतात. त्या काळी ती तीन जोडखुणांनी लिहिली : हजाराच्या खुणेला वीस जोडून वीस हजार, हजाराच्याच खुणेला चार जोडून चार हजार, शंभराच्या खुणेला चार जोडून चारशे. मुलांना फळ्यावर अशा काल्पनिक खुणा ठरवून देऊन ६,३२० किंवा १७,०८० लिहावयास सांगावे, आणि मग त्याच खुणांनी दोन संख्यांचा गुणाकार करण्यास सांगावे. शून्याचा शोध का मोठा, हे पाच मिनिटांत त्यांच्या ध्यानात येते. एरवी वर्षभर ते वाक्य नुसते पाठच राहते.

पाण्याची टाकी

आता ज्यांच्याकडे दुर्लक्ष होते त्या टाक्यांविषयी. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्याचे चार महिने अतोनात पाऊस कोसळतो. पण बसाल्टच्या उतारावरून तो वाहून जातो, आणि फाल्गुन-चैत्रात त्याच माथ्यावरील वस्त्यांना पाण्यासाठी वणवण करावी लागते. जुना व्यापार मुख्यतः कोरड्या ऋतूत चाले, कारण पावसाळ्यात समुद्र बंद आणि घाट निसरडा. म्हणजे माणसांना व बैलांना पाण्याची गरज सर्वाधिक असते, नेमक्या त्याच काळात माथ्यावर पाणी नसते. दोन हजार फूट चढून आलेल्या लादलेल्या बैलाला वर पाणी मिळाले नाही, तर पुढचा मुक्काम गाठणे कठीण. कातळात टाके खोदून पावसाचे पाणी वर्षभर साठविणे, हा यावर एकच उपाय होता.

प्राकृत लेखांत अशा टाक्याला 'पोढी' म्हणतात. नाणेघाटातील एका लहान लेखात म्हटले आहे की, ही पोढी सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिलेले दान होय. एका ओळीचा हा लेख. पण राणीच्या दीर्घ लेखाइतकेच त्याला महत्त्व द्यावे. सोपारे समुद्रकाठी, घाट सह्याद्रीच्या माथ्यावर, आणि पाणी देणारा माणूस सोपाऱ्याचा. तो कोण होता, व्यापारी की आणखी कोणी, हे लेखात नाही. पण आपल्या गावापासून इतक्या दूर, स्वतःच्या शेतीवाडीला काडीचाही उपयोग नसलेल्या जागी त्याने खर्च केला, तो या वाटेने जाणाऱ्यांसाठीच. बंदर आणि पठार या एकाच मार्गाने जोडलेले होते, याचा यापेक्षा सरळ पुरावा मिळणे अवघड. दुसऱ्या एका टाक्याजवळच्या लेखात वासिष्ठीपुत्र चतरपण सातकर्णी या राजाचे १३ वे राज्यवर्ष दिले आहे. राणीच्या लेखानंतर बऱ्याच काळाने, निराळ्या राजाच्या कारकीर्दीतही येथे काम चालू होते, असे त्यावरून दिसते.

मार्गाच्या वरच्या टोकाशी, जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. लेण्याद्रीचा डोंगर, मानमोडी, शिवनेरी, तुळजा या ठिकाणी ती विखुरलेली आहेत. बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी व उपासनेसाठी ती खोदली गेली. त्यांतील लेख वाचले म्हणजे या गावाचा बाजार डोळ्यांपुढे उभा राहतो. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, सात खोल्यांचे लेणे आणि एक पोढी दान दिली. बांबूकाम करणाऱ्यांच्या व काशाची भांडी घडविणाऱ्यांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्या. चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. यवन हा शब्द त्या काळी ग्रीक व पश्चिमेकडून आलेल्या परदेशीय लोकांस लावीत. लेण्याद्री येथील मोठे चैत्यगृह सुलसदत्त नावाच्या गृहस्थाने दिले. तो कल्याणच्या हेरणिकाचा, म्हणजे सोन्याचा व्यवहार करणाऱ्याचा, मुलगा. कल्याणचा माणूस जुन्नरला चैत्यगृह देतो, सोपाऱ्याचा माणूस मधल्या घाटात पाणी देतो. या दोन लेखांमधून जी रेषा जाते, तीच हा रस्ता.

मानमोडीच्या डोंगरातील एका लेखात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने ४६ व्या वर्षी दिलेल्या दानाची नोंद आहे. सातवाहनांच्या हातून जुन्नर काही काळ क्षत्रपांकडे गेले होते, हे त्यावरून कळते. या नहपानाचा जावई उषवदात. त्याचा नाशिकच्या लेण्यातील लेख रस्त्यांविषयी शिकविताना अवश्य सांगावा. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा, दाहनुका या नद्यांवर आपण फुकट होड्या ठेवल्या, आणि त्यांच्या दोन्ही तीरांवर उतारूंना बसण्याच्या जागा व पाणपोया केल्या, असे तो सांगतो. सोपाऱ्यासह चार नगरांत त्याने धर्मशाळा, विहिरी आणि तळी केली. राजे बदलले, वंश बदलले, धर्मपंथही निरनिराळे होते. परंतु प्रवाशाला पाणी आणि विसावा देणे हे पुण्यकर्म होय, याबद्दल कोणाचा मतभेद दिसत नाही.

समुद्राकडील टोक

इ. स. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेला समुद्रप्रवासाचा वृत्तान्त 'पेरिप्लस' या नावाने प्रसिद्ध आहे. लेखकाचे नाव अज्ञात आहे. त्याने भडोचनंतरच्या बंदरांत सोपारे व कल्याण यांची नावे दिली आहेत. कल्याणविषयी तो जे म्हणतो ते लक्षात ठेवण्याजोगे आहे : थोरल्या सरगनसच्या वेळी ही रीतसर पेठ होती, पण संदनेसच्या ताब्यात आल्यापासून तेथे अडथळे फार झाले, आणि तेथे चुकून लागलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जातात. सरगनस हे सातकर्णी या नावाचे ग्रीक रूप समजले जाते. म्हणजे सातवाहन आणि क्षत्रप यांच्या झगड्यात कल्याणचा व्यापार अडवून भडोचकडे वळविला जात होता.

रस्ता डोंगरात होता तसाच होता. पायऱ्या झिजल्या नव्हत्या, टाकी आटली नव्हती. पण खालचे बंदर अडवले गेले की वरच्या बाजारातील धान्याच्या व्यापाऱ्यालाही त्याची झळ लागली असेल. मुलांना आजचे उदाहरण द्यावे : गावचा रस्ता चांगला असूनही बाजाराच्या गावी लिलाव बंद पडला, तर कांद्याची गाडी घरीच उभी राहते.

पुढील काळ

सातवाहनांनंतर मार्ग ओस पडला नाही. पंधराव्या शतकात अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी चौलला उतरून, पाली या गावावरून, आपला एक घोडा विकण्यासाठी घेऊन जुन्नरला आला आणि पावसाळ्यात तेथे अडकला. तो कोणत्या घाटाने चढला हे त्याने लिहिलेले नाही. परंतु किनाऱ्यावरून जुन्नरला माल आणि माणसे येण्याचा प्रघात कायम होता, हे त्यावरून स्पष्ट होते.

नाणेघाटाचा प्रत्यक्ष अनुभव लिहून ठेवला तो जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टराने. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असताना १६७५ साली तो जुन्नरच्या मोगल अधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून मुंबईहून कल्याण, मुरबाड या वाटेने निघाला. वाटाड्याच्या चुकीमुळे तो दक्षिणेकडील आहुपे घाटाने चढला आणि त्या चढणीत फार हैराण झाला. परतताना तो नाणेघाटाने उतरला, तेव्हा ही वाट कितीतरी सोपी असल्याचे त्याला आढळले. घाटात मिठाने लादलेल्या बैलांचा तांडा त्याला भेटला. एका दृष्टीने हा फार मोलाचा उल्लेख आहे. जुन्या मार्गांविषयी लिहिताना मोती, मसाले, रेशीम यांचीच नावे घेण्याची सवय लागली आहे. पण घाट रोजच्या रोज चालता ठेवला तो मिठाने. देशावरच्या प्रत्येक घराला मीठ लागते आणि ते समुद्राखेरीज मिळत नाही. वर मीठ, सुकी मासळी, नारळ आणि खाली धान्य, असा हा व्यवहार होता. वंजारी व लमाण तांडे पाठीवर गोणी लादलेल्या बैलांचे कळप घेऊन हे काम करीत.

या घाटाचा ऱ्हास शत्रूने केला नाही, चाकाने केला. नाणेघाटाच्या पायऱ्या लादलेल्या बैलाला चढता येतात. बैलगाडीला येत नाहीत. १८३० साली पुण्याहून पनवेलकडे उतरणारा बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. १८५३ साली मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली; पुढे १८६३ मध्ये बोरघाटातून आणि १८६५ मध्ये थळघाटातून लोहमार्ग सह्याद्री चढून गेला. एका गाडीत मावणारा माल बैलांच्या पाठीवर न्यावयाचा तर तांड्यामागून तांडे लागले असते. व्यापार त्या दोन घाटांकडे गेला. आज कल्याणहून मुरबाड, वैशाखरे करीत माळशेज घाटाने अहिल्यानगरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग जुन्या वाटेला समांतर जातो, आणि नाणेघाटाच्या पायऱ्यांवरून गिर्यारोहक व सहलीला आलेले लोक चढतात. लेण्यातील ओट्यांवर बसून खाली पाहिले तर हा महामार्ग दूरवर दिसतो.

वर्गात आणि सहलीत

जुन्नर व मुरबाड तालुक्यांतील शाळांना प्रत्यक्ष सहल शक्य आहे. ती कार्तिक ते माघ या काळात न्यावी. पावसाळ्यात वाऱ्याने धबधब्याचे पाणी उलटे वर उडताना पाहण्यास तेथे फार गर्दी होते. पायऱ्या शेवाळलेल्या असतात आणि कड्याला कठडा नाही. लहान मुलांना त्या दिवसांत नेणे हे धाडस नव्हे, अविचार होय.

सहलीपूर्वी फळ्यावर तीन रकाने आखावेत : 'दगडावर कोरलेले', 'जमिनीवरून कळणारे' आणि 'लोक सांगतात'. वर्गाला आधीपासून ठाऊक असलेली प्रत्येक गोष्ट या तीनपैकी एका रकान्यात बसवावयास लावावी. रांजणाची जकात तिसऱ्या रकान्यात जाईल तेव्हा काही मुले हिरमुसतील. त्यांना गोविंददासाची पोढी पहिल्या रकान्यात लिहू द्यावी. माथ्यावर पोचल्यावर मुलांनी टाकी स्वतः मोजावीत, त्यांची लांबी-रुंदी दोरीने घ्यावी, आणि टाके काठोकाठ भरले तर किती घागरी पाणी होईल याचा हिशेब मांडावा. एका बैलाला दिवसाकाठी किती पाणी लागते, हे गावातल्या शेतकऱ्याला विचारून यावे, म्हणजे एका टाक्यावर किती जनावरे तहान भागवीत असतील याचा अंदाज मुलांना स्वतः बांधता येईल.

ज्या शाळा दूर आहेत त्यांनी आपल्या जवळचा घाट घ्यावा. कराड-चिपळूण मार्गावरील कुंभार्ली, कोल्हापूर-रत्नागिरी मार्गावरील आंबा, नाशिककडून उतरणारा थळ, पुण्याकडील बोर. प्रत्येकाची वाट, पाणी, किल्ला आणि कथा निराळी आहे. बोरघाटाच्या वरच्या अंगास कार्ल्याचे लेणे आहे, आणि तेथील स्तंभांवर दात्यांच्या नावांत सोपाऱ्याहून आलेल्या माणसाचेही नाव सापडते. घाट जवळ नसेल तर बाजाराच्या गावाला जाणारी जुनी पायवाट, तिच्यावरील विहीर, पार, धर्मशाळा यांची चौकशी करावी. विहिरीच्या दगडावर नाव कोरलेले असेल तर ते उतरवून घ्यावे. नसेल तर ती कोणी बांधली हे तीन वेगवेगळ्या घरी विचारावे आणि तिन्ही उत्तरे, जुळत नसली तरी, वहीत लिहावीत.

लेण्यातील लेखाविषयी एक सूचना फार आवश्यक आहे. अक्षरे फुटली आहेत त्यांतील काही ऊनपावसाने फुटली, पण शेजारीच खिळ्याने कोरलेली अलीकडची नावेही दिसतात. अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यांवर खडू किंवा कोळसा फिरवू नये, पाणी ओतू नये, ओल्या कागदाचा ठसा घेऊ नये. हे संरक्षित स्मारक आहे. मुलांनी लांबून पाहून चार-सहा अक्षरे वहीत उतरवावीत. शिक्षकाने ब्राह्मीचा तक्ता सोबत ठेवावा, म्हणजे 'स' आणि 'त' तरी त्यांना जागेवर ओळखता येतील. टाक्यांत कोणास उतरू देऊ नये, त्यांत हात-पाय धुऊ देऊ नयेत आणि खाण्याच्या पिशव्या काठावर सोडू देऊ नयेत. घाट चढून येणारे वाटसरू आजही तेथील पाणी भरून घेतात.